कॅनन आरएफ १००-४००: पिंजऱ्यात पहिला नंबर, खाडीत काठावर पास

ठाणे-नवी मुंबईत या लेन्सची चौकशी करणारे साधारण तीन प्रकारचे लोक असतात. पहिले, ज्यांच्या गॅलरीत बजरी, कॉकाटील, झेब्रा फिंच अशा ऑस्ट्रेलियन पक्ष्यांचा पिंजरा आहे. दुसरे, खाडीकाठचे पक्षी टिपायला रविवारी उजाडायच्या आत ऐरोली नाहीतर सीवूड्स गाठणारे. तिसरे, मुलगा-सून मेलबर्न किंवा सिडनीला असल्यामुळे दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे निघालेले. इथे जाळीमागे पाहिलेले पक्षी तिथे मोकळे टिपायचे, ही त्यांची हौस. दुकानात तिघांनाही एकच उत्तर मिळतं: घ्या, हलकी आहे, शार्प आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अडचण अशी की पिंजऱ्यातला पक्षी लेन्सकडून जे मागतो, त्याच्या बरोबर उलट मोकळा पक्षी मागतो. घरच्या कॉकाटीलचा फोटो बघून लेन्स पसंत केली आणि महिन्याभराने ऐरोलीच्या बोटीत तोंड वाकडं झालं, असं होतं ते यामुळेच.

आधी आकडे. ही लेन्स २०२१ची. वजन ६३५ ग्रॅम, फिल्टर ६७ मिमी, अपर्चर (प्रकाश आत घेणारं तोंड, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) १०० मिमीला एफ/५.६ आणि ४०० मिमीला एफ/८. कॅननचीच आर१० बॉडी बॅटरी-कार्डासकट ४२९ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून किलोच्या जरा वर. आर७ घेतली तर सव्वा किलो. तुलनेला सोनीची २००-६०० एकटीच २,११५ ग्रॅम भरते. तासभर हातात धरून ज्याने बोटीतून फोटो काढलेत त्याला या फरकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

बांधणी प्लास्टिकची. धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, ट्रायपॉडची कॉलर नाही आणि हूड वेगळा विकत घ्यावा लागतो. त्याचं नाव ईटी-७४बी. एवढ्या किमतीच्या लेन्सबरोबर प्लास्टिकचं एक नळकांडं देता येऊ नये याला कंजूषपणाच म्हणायचं. फोकस लिमिटरचा, म्हणजे फोकस ठराविक अंतराच्या पलीकडेच शोधायला लावणारा, खटकाही नाही आणि त्याचा त्रास पिंजऱ्यापाशी सर्वांत जास्त होतो.

जाळीमागचा पक्षी

पिंजऱ्यासाठी या लेन्सचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती जवळचं पकडते. २०० मिमीला ०.८८ मीटर, ४०० मिमीला मीटरभराच्या आसपास आणि मॅग्निफिकेशन ०.४१. आर७ किंवा आर१०च्या सेन्सरवर याचा अर्थ असा की सगळ्यात जवळून काढलेल्या फोटोत जेमतेम साडेपाच सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. बजरीचं डोकं आणि छाती फ्रेमभर येते. नाकाच्या कातडीचा निळा किंवा तपकिरी रंग, म्हणजे नर की मादी, विचारावं लागत नाही. सोनीच्या २००-६००ला २.४ मीटर आणि सिग्माच्या १५०-६०० काँटेम्पररीला २.८ मीटर अंतर लागतं. आपल्याकडच्या गॅलऱ्या चार-पाच फुटांच्या. तेवढं मागे सरकायचं तर स्वयंपाकघरात उभं राहून फोटो काढावा लागेल.

आता जाळी. जाळी फोटोतून नाहीशी होते ती तीन गोष्टी जमल्या तर: लेन्सची काच जाळीला जवळजवळ टेकलेली हवी, पक्षी जाळीपासून लांब हवा आणि अपर्चर पूर्ण उघडं हवं. ४०० मिमीला एफ/८ म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड ५० मिमीचं (४०० भागिले ८). अर्धा इंची जाळीची दीड मिमीची तार त्या तोंडाचा थोडाच भाग झाकते, म्हणून तिचं चित्र उमटत नाही, नुसता धूसरपणा येतो. हीच लेन्स १०० मिमीवर आणली की तोंड १८ मिमीचं होतं आणि तारा परत दिसायला लागतात. म्हणून जाळीतून काढताना झूम पूर्ण पुढे ठेवा आणि लहान पिंजऱ्यासाठी झूम मागे घेण्याचा मोह टाळा. डोळा आणि चोच दोन्ही शार्प यावेत म्हणून एफ/११ केलं तरी तोच घोटाळा होतो, जाळी परत हजर.

बहुतेकांची फसगत मात्र पिंजऱ्याच्या खोलीत होते. कमीत कमी अंतर मोजतात ते सेन्सरपासून. झूम पुढे केल्यावर लेन्सची काच सेन्सरपासून पाव मीटरभर पुढे असते. म्हणजे काचेपासून पक्षी पाऊण मीटरवर असल्याशिवाय ४०० मिमीला फोकस बसणार नाही. बाजारात मिळणारा नेहमीचा दोन फुटी पिंजरा पुढून मागे जेमतेम दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर. पक्षी मागच्या दांडीवर बसला तरी काच जाळीपासून वीतभराहून जास्त लांब ठेवावी लागते आणि एवढ्या अंतरावर तारा पूर्ण विरघळत नाहीत. फोटोवर राखाडी पट्टे येतात, मागचे प्रकाशाचे ठिपके चौकडीचे दिसतात. लेन्स खराब आहे म्हणून ती परत करायला निघालेल्या लोकांच्या फोटोत बहुधा हेच असतं. पुढून मागे तीन फुटांहून खोल, पक्ष्याला उडता येईल असा पिंजरा असेल तर काच जाळीला टेकवता येते आणि फोटो स्वच्छ येतो.

पिंजरा लहानच असेल तर एक सोपी वाट आहे: दार उघडून दारातून फोटो काढा. ५० मिमीच्या तोंडातून निघून पक्ष्यापाशी साडेपाच सेंटिमीटर रुंद होणारा हा प्रकाशाचा मार्ग सगळीकडे जवळपास सारख्याच जाडीचा आहे. चार इंची दारातून तो कुठेही न अडखळता जातो. पण हे गॅलरीत करू नका. कबुतरांसाठी लावलेल्या जाळीच्या भोकातून झेब्रा फिंच निसटू शकतो आणि बाहेर पडलेल्या रंगीत पक्ष्याच्या मागे कावळे पाच मिनिटांत लागतात. पिंजरा खोलीत आणा, खिडक्या-दारं लावा, पंखा बंद करा आणि काचेच्या खिडकीवर पडदा ओढा, नाहीतर उडालेला पक्षी काचेवर आपटतो.

पांढऱ्या मुलाम्याच्या तारांवर ऊन पडलं तर वरची सगळी कसरत फुकट जाते. उजळ तार धूसर झाली तरी फोटोवर दुधाळ पडदा टाकते. पिंजऱ्याच्या दर्शनी बाजूवर काळं कापड टाकून लेन्सपुरतं भोक ठेवा आणि उजेड बाजूने किंवा वरून येऊ द्या. पक्षी कापडाला पाच-दहा मिनिटांत सरावतात. जास्त वेळ चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, पिसं अंगाशी घट्ट आवळून ताठ बसले असतील तर कापड काढा आणि तो दिवस सोडून द्या.

ऑटोफोकस. प्राणी ओळखण्याचा पर्याय चालू असेल तर या बॉडी बजरीचा डोळा पटकन पकडतात. जाळी जरा जरी शार्प असेल तर मात्र फोकस तारेवर जाऊन बसतो आणि उठत नाही. लिमिटर नाही म्हटलं ते इथे नडतं. उपाय असा: फोकसचा भाग सगळ्यात लहान, म्हणजे स्पॉट ठेवा, आधी पक्ष्याएवढ्याच अंतरावरच्या मोकळ्या वस्तूवर फोकस करून घ्या आणि मग जाळीकडे वळा. मेन्यूत इलेक्ट्रॉनिक फुल-टाइम एमएफ चालू करून ठेवलं असेल तर रिंग फिरवून फोकस तारेच्या पलीकडे ढकलता येतो.

उजेडाचा हिशोबही सांगतो. सावलीतल्या गॅलरीत एफ/८ आणि १/२५० सेकंदाला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो खरखरीत होतो) साधारण ३२०० लागतो. ते चालतं. घरात ट्यूबखाली तोच २५,६०० वर जातो, ते चालत नाही. एलईडी दिवे असतील तर आणखी एक भानगड. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोत आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर वापरा, अँटी-फ्लिकर चालू करा किंवा १/१०० वर या. फ्लॅश नकोच. कॉकाटील तर अंधारात एकदम उजेड पडला की घाबरून पिंजऱ्यात आपटतात आणि पंख मोडून घेतात.

शार्पनेसबद्दल तक्रार नाही. ४०० मिमीला मधला भाग पूर्ण उघड्या अपर्चरलाही खणखणीत आहे, कडा जरा मऊ. सगळ्यात जवळून काढताना फोकसची जाडी अडीच मिलिमीटर भरते, म्हणजे डोळा शार्प आणि चोचीचं टोक धूसर. बजरीचा चेहरा चपटा असल्यामुळे ते खपून जातं, कॉकाटीलचा तुरा मात्र हरवतो. तीन मीटरवर हीच जाडी दीड सेंटिमीटर होते. तुऱ्यासकट कॉकाटील हवा असेल तर दोन-तीन मीटर मागे जा आणि नंतर क्रॉप करा.

पिंजऱ्यातला फोटो पिंजऱ्यातला आहे हे जाळी दिसली नाही तरी ओळखू येतं. जाणकार पहिल्यांदा डोळा बघतो. फोटो शंभर टक्के मोठा करा: मोकळ्या पक्ष्याच्या डोळ्यात आकाशाचा उजळ भाग आणि खाली जमिनीची गडद कड असते. घरातल्या पक्ष्याच्या डोळ्यात खिडकीचा चौकोन आणि त्यात ग्रिलच्या उभ्या सळ्या. ही लेन्स तेवढं दाखवण्याइतकी शार्प आहे, हा तिचा गुण समजा की चहाडखोरपणा! दुसरी खूण रंगाची. ऑस्ट्रेलियातला रानटी बजरी हिरवा, पिवळ्या डोक्याचा. निळे, पांढरे, पिवळे सगळे माणसाने पैदाशीतून काढलेले. रानातला कॉकाटीलही राखाडीच, पांढरट-पिवळा ल्युटिनो पिंजऱ्यातलाच. बाकीच्या खुणा म्हणजे पायातली कडी, शेपटीची झिजलेली टोकं आणि एकसारख्या जाडीची गोल दांडी. शेवटची गोष्ट तरी बदलता येते. प्लास्टिकची दांडी काढून पेरूची फांदी धुऊन, वाळवून लावा, मागे दोन-तीन फुटांवर मळकट हिरवं कापड टांगा आणि समुद्रफेसाचा तुकडा व राळ्याची वाटी फ्रेमबाहेर सरकवा. फोटो सुधारतो. तो रानातला मात्र होत नाही, आणि तसा खपवूही नये. एफआयएपी आणि पीएसए या छायाचित्रण संस्थांच्या स्पर्धा-नियमांत वाइल्डलाइफ विभागासाठी पक्षी मोकळा, बंधनात नसलेला हवा असं स्पष्ट आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ‘कॅप्टिव्ह’ची खूण करायची असते.

कायद्याचंही बघून घ्या. आपला हिरवा पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे कुणाकडे असेल तर फोटो काढून मिरवण्यात अर्थ नाही. बजरी आणि कॉकाटील साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत येत नाहीत. काकाकुवा आणि गाला (गुलाबी-राखाडी काकाकुवा) येतात आणि २०२४च्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. दुसऱ्याच्या घरी काकाकुवा टिपायला जाणार असाल तर फोटो टाकण्याआधी नोंदीचं विचारून घेतलेलं बरं.

ऐरोली आणि सीवूड्स

खाडीत पहिला प्रश्न उजेडाचा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र १,६९० हेक्टर, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर ते मे दिसतात आणि याच काळात सकाळी खाडीवर दाट धुरकं असतं. उडता पक्षी गोठवायला १/१००० धरा. एफ/८ला स्वच्छ उन्हात आयएसओ २५० पुरतो. धुरकटलेल्या सकाळी १६०० लागतो आणि सूर्य वर येण्याआधी ६४०० किंवा जास्त. सोनी किंवा सिग्माच्या एफ/६.३ला दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड मिळतो, निकॉनच्या २००-५०० एफ/५.६ला पूर्ण एक स्टॉप, म्हणजे ६४०० च्या जागी ३२००. आर७-आर१०च्या लहान (क्रॉप) सेन्सरवर हा फरक पिसांच्या तपशिलात उघड दिसतो. गुलाबी रंगात तर आधी दिसतो, कारण नॉइज, म्हणजे फोटोतली खरखर, कमी करताना सॉफ्टवेअर पंखातल्या गुलाबीच्या छटा एकसारख्या सपाट करून टाकतं.

इमेज स्टॅबिलायझर साडेपाच स्टॉपचं आहे आणि ते खरंच काम करतं, पण बोट हलते तेव्हा त्याचा उपयोग अर्धाच. इंजिन चालू असताना १/१६०० खाली उतरू नका. कांदळवन प्रतिष्ठानच्या ऐरोली केंद्राच्या बोटफेऱ्या भरती-ओहोटीवर ठरतात, म्हणून उजेड बघून वेळ निवडण्याची चैन तिथे नसते. ओहोटी असेल तर रोहित उघड्या चिखलावर लांब पांगतात. पाणी चढायला लागलं की कडेला सरकतात आणि पूर्ण भरतीला खाडी सोडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जातात. त्यामुळे ४०० मिमीवाल्यासाठी बोटीपेक्षा भरतीच्या वेळचं नेरूळचं डीपीएस तळं जास्त उपयोगाचं: पाय जमिनीवर, पक्षी बसलेले आणि पाठीमागून येणारं ऊन निवडण्याची सोय.

पोहोचेचा हिशोब असा. २५ मीटरवर २० सेंटिमीटरचा कर्ल्यू सँडपायपर आर७च्या सेन्सरवर सव्वातीन मिलिमीटर येतो, म्हणजे फ्रेमच्या रुंदीचा सातवा भाग, हजारेक पिक्सेल. मोबाइलवर दाखवायला आणि ओळख पटवायला पुरे, भिंतीवर लावायला नाही. शेकाट्या, बगळे आणि रोहित यांच्या आकाराला ही लेन्स छान पुरते. टिलव्यांच्या (सँडपायपरसारख्या छोट्या पक्ष्यांच्या) थव्यासाठी चालते. एकट्या टिलव्यासाठी अपुरी पडते. १.४ पट एक्स्टेंडर (पोहोच वाढवणारी जोड-लेन्स) बसतो, पण अपर्चर एफ/११ होतं आणि ऐरोलीच्या उजेडात ती चैन परवडत नाही. क्रॉप करा, पैसे वाचवा.

सकाळी दहानंतर चिखलावरून गरम हवा उठते आणि लांबचे पक्षी पाण्याखालून बघितल्यासारखे थरथरतात. त्यात लेन्सचा दोष नाही आणि महाग लेन्सनेही ते सुटत नाही. गाशा गुंडाळावा.

इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला २३ किंवा ३० फोटोंची भूल पडते. आर१० आणि आर७चा सेन्सर हळू वाचला जातो, त्यामुळे वेगाने मारलेले पंख वाकडे येतात. मेकॅनिकलचे १५ पुष्कळ आहेत. आर१०चा बफर (फोटो कार्डावर जाण्याआधी साठतात ती जागा) मात्र रॉ फोटोंनी दोनेक सेकंदांत भरतो, म्हणून थवा उठल्या उठल्या बटण दाबून बसू नका, तो वळून पंख उघडेपर्यंत थांबा.

खाडीचा खारट दमटपणा हा खरा वैरी. झूम करताना नळी बाहेर येते आणि आत जाताना बाहेरची हवा ओढून घेते. घरी आल्यावर साध्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने नळी पुसा, मग कोरडी करा, मगच झूम आत घ्या. पावसाळ्यात ड्राय बॉक्समध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. ठाण्यातली बुरशी काचेचा भाव विचारत नाही.

ठाण्याच्या येऊरच्या झाडीत नेऊच नका असं म्हणणार नाही, पण पावसाळी सावलीत एफ/८ म्हणजे हट्ट आहे.

तिकडे गेल्यावर

ऑस्ट्रेलियात या लेन्सचं नशीब फळफळतं. आपले लोक बहुधा दिवाळीनंतर जातात आणि तिकडे तेव्हा उन्हाळा. डिसेंबरात मेलबर्नला सहाच्या आसपास उजाडतं आणि साडेआठपर्यंत उजेड असतो. हवा स्वच्छ. एफ/८ला आयएसओ ४०० मध्ये काम भागतं. शिवाय उपनगरातले पक्षी माणसाला सरावलेले. पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवा, गाला, रेनबो लोरिकीट पाच-दहा मीटरवर चरत असतात. गाला मैदानावर गवत उपटत असेल तेव्हा पोटावर झोपून डोळ्याच्या पातळीवर या. नराचा डोळा गडद तपकिरी आणि मादीचा लालसर गुलाबी, हे त्या उंचीवरून स्पष्ट दिसतं. सुपर्ब फेअरीरेन हा चौदा सेंटिमीटरचा निळा पक्षी झुडपाच्या बुंध्याशी नाचत असतो. सहा मीटरवरून तो फ्रेम भरतो असं नाही, पण ही हलकी लेन्स त्याच्या मागे फिरवता येते. दोन किलोच्या लेन्सने तो नुसता चुकतच राहतो.

दोन गोष्टी सांभाळायच्या. काकाकुवा पांढरा आहे, मागे गडद झाडी असेल तर कॅमेरा जास्त उजेड घेतो आणि छातीची पिसं नुसता पांढरा डाग होतात. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. रोझेला आणि किंग पॅरट यांच्यात उलट फसगत: साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल भरून वाहिलेला असतो. आरजीबी हिस्टोग्राम लावा.

ज्यांना घरच्या बजरीचा रानातला भाऊबंद हवा त्यांनी आधीच ओळखून असावं की तो मेलबर्न-सिडनीच्या बागेत नसतो. तो आतल्या कोरड्या प्रदेशातला, पाऊस पडेल तिकडे थव्याने सरकणारा. कॉकाटीलही तसाच. तीस मीटरवरून एक बजरी आर७वर साडेसातशे पिक्सेलांचा येतो, म्हणून तिथे एकट्याचा फोटो विसरा आणि पाणवठ्यावर वळणारा हिरवा थवा घ्या. त्यासाठी ही लेन्स २०० मिमीवरच जास्त चांगली.

मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या सांडपाणी प्रकल्पात कर्ल्यू सँडपायपर भेटतो, तोच जो सैबेरियातून निघून ठाणे खाडीतही येतो. मेलबर्न वॉटरचा परवाना आधी काढावा लागतो. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, म्हणून खिडकीतून फोटो काढायचे. ४०० मिमी इथेही तोकडीच. शेरब्रुकच्या जंगलातला लायरबर्ड हिवाळ्यात नाचतो आणि तिथे एफ/८, १/६०, आयएसओ ६४०० असा कारभार आहे. नाच थांबून तो मान वर करतो त्या क्षणासाठी थांबलात तरच काहीतरी हाती लागेल.

मेलबर्नजवळच्या हील्सव्हिल सँक्च्युअरीसारख्या प्राणिसंग्रहालयात पिंजरे खोल आणि जाळी गडद रंगाची, त्यामुळे वर सांगितलेली जाळीची युक्ती तिथे घरच्यापेक्षा सोपी जाते. उडवून दाखवायचे पक्षी तिथे आकाशात असले तरी पाळलेलेच, फोटोखाली तसं लिहा.

पर्याय विचारणाऱ्यांसाठी: आरएफ १००-५०० ही १,३७० ग्रॅमची, ५०० मिमीला एफ/७.१, पाण्या-धुळीला टिकणारी आणि पिंजऱ्यापाशीही जवळचं पकडणारी, पण किंमत कितीतरी पट. २००-८०० दोन किलोंवर जाते, खाडीसाठी उत्तम, गॅलरीसाठी निरुपयोगी. ६०० एफ/११ स्वस्त आणि हलकी, पण साडेचार मीटरच्या आत बघतच नाही. फक्त ऐरोलीसाठी घेणार असाल तर मी १००-४०० घेऊ नका म्हणेन, बॉडीसकट दुसऱ्या ब्रँडची, म्हणजे निकॉनची, जुनी २००-५०० बघा. पिंजरा आणि परदेश दोन्ही असेल तर या वजनात हिला तोड नाही. वापरलेली घेताना झूम पूर्ण बाहेर काढून नळी बोटांनी हलवून बघा, थोडी ढिलाई चालते, कडकड आवाज नको. मागून टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधा.

ऑस्ट्रेलियाला नेताना एक गोष्ट लेन्सच्या बाहेरची. गाडीच्या खिडकीवर टेकवायला बीनबॅग लागते आणि आपण ती तांदूळ, राजमा नाहीतर पक्ष्यांच्याच राळ्याने भरतो. धान्य आणि बिया तिकडच्या विमानतळावर अडवतात, न सांगता नेलं तर दंड होतो. ऐरोलीचा चिखल लागलेले बूट आणि ट्रायपॉडचे पायही घासून, धुऊन न्या, मातीबद्दल फॉर्मवर वेगळा प्रश्न असतो. पिशवी रिकामी शिवून न्या, तांदूळ तिकडच्या इंडियन स्टोअरमधून घ्या. दोन किलो पुरतो आणि पिशवी आतून प्लास्टिकच्या पिशवीने मढवलेली असेल तर परत येताना सुनेलाही तो डब्यात ओतून घ्यायला हरकत नसते.